भोंग्याच्या गाण्यातला खालचा आवाज

पुष्पलता गजभिये हिनं तेहेतीस वर्षं नर्सबाई म्हणून नोकरी केली. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या आसपासच्या सात-आठ गावांत तिला नावानं कुणी ओळखत नव्हतं. लहानथोर सगळे तिला सिस्टर म्हणत. त्या गावांमधली कितीतरी लेकरं तिच्या हातावर जन्माला आली होती. कुणाच्या घरी पोर कोणत्या वेळी झालं, रडायला किती उशीर लागला, हे तिला त्या पोराच्या आईपेक्षा नीट आठवत असे.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती निवृत्त झाली. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात दोन कूलर लावून निरोपाचा कार्यक्रम केला होता. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, भाषणं झाली. मग डॉक्टर करिष्मा मॅडम उठल्या. वर्षभरापूर्वीच आलेली तरुण, हसरी मुलगी.

"सिस्टर, आम्हाला आजच कळलं. तुम्ही कॅसेटमध्ये गायल्या होत्या म्हणे. ते भोंग्याचं गाणं तुमचं आहे?"

पुष्पलतानं नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजी अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. केंद्रात तिच्याएवढं जुनं माणूस तेच. त्यांनीच हे फोडलं असणार. ते कूलरसमोर बसून गालातल्या गालात हसत होते.

"होतो आम्ही तिघीजणी," ती म्हणाली. "लय जुनी गोष्ट आहे मॅडम."

पण कुणी ऐकेना. टाळ्या सुरू झाल्या. शेवटी ती उभी राहिली, घसा साफ केला, डोळे मिटले आणि गायला लागली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. डोळे उघडले तर समोरचे चेहरे कोरे. ज्यांनी ठेका धरायला हात उचलले होते त्यांचे हात तसेच अधांतरी राहिले होते. नत्थूजींनी हळूच सुचवलं, "सिस्टर, हे नाही. ते भोंग्याचं म्हणा ना."

"हेच ते."

"नाही हो. ते वेगळं आहे."

मग एका पोरीनं मोबाइलवर ते गाणं शोधून लावलं. जुन्या कॅसेटवरून कुणीतरी उतरवलेलं, मागे सूंऽऽ असा आवाज असलेलं. मायाचा आवाज आला, धारदार, मोकळा:

*भोंगा झाला, सुटली ड्यूटी, वाट अजून का मोकळी*
*राख उतरली अंगणात, मी दारी उभी एकली*

आणि सगळा व्हरांडा एकदम गायला लागला. ज्यांना शब्द येत नव्हते तेही गुणगुणले. पुष्पलतानंही टाळ्या वाजवल्या. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणाली, "पाहा ना, माहंच गाणं मी विसरली." सगळे हसले. कार्यक्रम गोड झाला.

ती विसरली नव्हती. तिनं जे म्हटलं ते अगदी बरोबर होतं, एक सूर इकडचा तिकडे नव्हता. फक्त तो तिचा भाग होता. मायाच्या आवाजाखालून चालणारा, ठेंगणा, जाड आवाज. तो सुटा काढला की त्यात गाणं सापडत नाही. छत्तीस-सदतीस वर्षांत तो सुटा काढून कुणासमोर म्हणायची वेळ तिच्यावर आली नव्हती, म्हणून हे तिलाही त्या दिवशीच कळलं.

*

पुष्पलताचे वडील बळीराम खापरखेड्याच्या वीज केंद्रात हेल्पर होते. कामगार वसाहतीत बुद्धविहार होतं. दर रविवारी सकाळी तिथं वंदना व्हायची. पोरीबाळी पुढे, बायाबापड्या मागे. पुष्पलताचा आवाज तेव्हापासूनच भारी. वर जाणारी ओळ आली की तो फाटायचा, आणि बाया वळून पाहायच्या. मग तिनं आपली एक चोरवाट काढली. सगळ्या वर गेल्या की ती खालीच राहायची आणि खालच्या खाली, त्यांच्या सुराला धरून धरून, ओळ पार करायची. तिला वाटायचं, आपण लबाडी करतो.

ही लबाडी प्रेमानंद मास्तरांनी पकडली. मास्तर वीज केंद्रात फिटर होते आणि पेटी वाजवत. वसाहतीतल्या पोरापोरींना गाणं शिकवत म्हणून मास्तर. एका रविवारी त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"तू काय म्हणून राहिली होती वं?"

ती घाबरली. "मले वरतं जाता येत नाही मास्तर."

"कोण म्हणते जा म्हणून? तू खालीच राह्य. जिथं आहे तिथंच राह्य." आणि त्यांनी मायाला हाक मारली, सुहासिनीला हाक मारली. तिघींना एका सतरंजीवर बसवलं आणि एकच ओळ तीन वेळा म्हणायला लावली. तिसऱ्यांदा विहाराच्या दारात झाडणारी बाई झाडू धरून उभी राहिली.

माया सोमकुवर दोन घरं पलीकडची. बारीक, सावळी, बोलायला आगाऊ. तिचा आवाज असा की ती अंगणातून भावाला हाक मारायची तर पाण्याच्या टाकीपाशी ऐकू जायची. सुहासिनी त्या दोघींपेक्षा लहान. तिचा आवाज पातळ, वरच्यावर तरंगणारा. तिघी एका नळावर पाणी भरत, एका बसनं कॉलेजला जात. माया आणि पुष्पलता तर एकमेकींच्या घरचंच जेवायच्या. आज कुणाकडे भाजी काय, यावरून ठरायचं कुठं बसायचं ते.

'पंचशील महिला गायन पार्टी' असं नाव मास्तरांनी दिलं. आंबेडकर जयंतीला, पावसाळ्यातल्या वर्षावासात, लग्नात त्या भीमगीतं म्हणायच्या. लोक म्हणायचे, बायांचं भजनी मंडळ पुष्कळ पाहिलं, पण ह्या पोरींचा आवाज भिंतीसारखा येतो.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात नागपूरच्या सीताबर्डीवरच्या एका छोट्या कॅसेट कंपनीनं त्यांना बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडक्या बंद, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही बंद. मे महिना. एकच माइक. मास्तरांनी खडूनं फरशीवर तीन रेघा ओढल्या: माया माइकपासून हातभर, सुहासिनी तिच्या डाव्या अंगाला, आणि पुष्पलता चार पावलं मागे, कारण तिचा आवाज माइक खाऊन टाकायचा. संध्याकाळपर्यंत आठ भीमगीतं झाली. तबलेवाला शेवटच्या बससाठी निघून गेला. तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तीन मिनिटांची टेप उरते, काहीतरी भरून द्या.

मास्तरांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. एका संध्याकाळी भोंगा झाला आणि ते आले नाहीत. मास्तरांची आई पुढं कितीतरी दिवस त्या वेळेला दारात उभी राहायची. तिच्यावरचं ते गाणं होतं. पोरींना ते ठाऊक होतं, रिकाम्या वेळात म्हणायच्या, पण कधी लोकांसमोर म्हटलं नव्हतं. तबला नव्हता म्हणून मास्तरांनी पेटीच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला. तिघींनी घामानं चिंब होऊन, एकदाच, ते गाणं म्हटलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "झालं." कुणालाच काही विशेष वाटलं नाही. खाली उतरून त्यांनी उसाचा रस प्यायला.

दिवाळीपर्यंत ते गाणं सगळीकडे होतं. काटोलच्या बसस्टँडवर पानठेल्यात ते वाजायचं. नरखेडकडे संत्र्याचे ट्रक भरताना वाजायचं. ज्या घरांत भीमगीतं कधी लागत नव्हती तिथंही ती कॅसेट उलटी घालून शेवटचं गाणं ऐकत. विहारातली काही जुनी माणसं कुरकुरली, की वंदना म्हणणाऱ्या पोरींनी नवऱ्याच्या वाटेची गाणी कायले म्हणावी? मास्तर म्हणाले, "माही माय वाट पाहत होती. ते काय पाप आहे का?" मग कुरकुर थांबली.

कॅसेटच्या वेष्टनावर मायाचा फोटो होता आणि लिहिलं होतं, 'माया आणि पार्टी'. बळीरामांनी त्या कॅसेटी गावोगावच्या नातेवाइकांना वाटल्या. प्रत्येकाला बसवून ऐकवत आणि बोट वर करून सांगत, "आता ऐका. हे खालतून येऊन राहिलं ना, घुमल्यासारखं, ते आमची पुष्पा." नातेवाईक मान डोलवत. त्यांना काही ऐकू आलं असेल असं पुष्पलताला वाटत नसे. तेव्हा तिला त्याचं काही नव्हतं. स्टेजवर मायाच्या मागे चार पावलांवर उभं राहिलं, की मायाच्या पाठीचा प्रत्येक श्वास तिला दिसायचा. माया कुठं थांबणार, कुठं लांबवणार, हे तिला मायाच्या आधी कळायचं. माया कधी दमून सूर सोडायला लागली तर ती खालून थोडा जोर लावायची, आणि माया त्यावर पाय ठेवल्यासारखी पुन्हा वर जायची. हे दोघींखेरीज कुणाला माहीत नव्हतं. पुढं आयुष्यात तिला पुष्कळ काही मिळालं, नोकरी मिळाली, चांगला नवरा मिळाला, मुलगा झाला. पण दुसऱ्याच्या श्वासात इतकं आत जाऊन राहणं पुन्हा कधी झालं नाही.

दोन वर्षं हे चाललं. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका कंपनीचं पत्र आलं. बोलावणं एकट्या मायाला होतं.

माया म्हणाली, "मी जाते, जम बसवते, मंग तुमा दोघींले बोलावते."

नागपूर स्टेशनवर सगळी वसाहत पोचवायला आली होती. माया खिडकीशी बसली होती, नवीन साडी, डोळे लाल. पुष्पलता खिडकीपाशी गेली. हात हातात घ्यायला गेली होती, पण तोंडातून निघालं भलतंच.

"तुले आमचा आवाज नाही पायजे होता वं माया. तुले फक्त खांदा पायजे होता, वरतं चढाले."

गाडी हलली. मायाचा हात खिडकीच्या गजावर होता तसाच राहिला.

मायाची दोन पत्रं आली. पहिल्यात खोलीचं वर्णन होतं, समुद्राचं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की इथल्या कोरसच्या बाया छान आहेत, पण पाठीमागे कुणी नाही असं वाटतं. पुष्पलतानं उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. दुसऱ्या पत्रालाही तेच झालं. मग पत्रं आली नाहीत. सुहासिनीचं लग्न नरखेड तालुक्यात झालं. मास्तरांनी नव्या पोरी जमवून पाहिल्या, पार्टी काही उभी राहिली नाही. पुष्पलताला नर्सची नोकरी लागली. मास्तर वारले तेव्हा ती लसीकरणाच्या कॅम्पवर होती. अंत्ययात्रेला पोचली तोवर लोक परतत होते.

*

निरोपाच्या कार्यक्रमावरून घरी, नागपुरात सक्करदऱ्याला आली तेव्हा रुपराव बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसले होते. रुपराव तिचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी वीज केंद्रात कोळसा हाताळणीच्या विभागात काढली, त्या धडधडाटात कान गेले. ऐकण्याचं यंत्र घेऊन दिलं होतं, पण ते ड्रॉवरमध्येच राहायचं.

तिनं शाल घडी करून ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. मोठ्यानं, एकेक वाक्य तोडून. सांगताना तिला हसू येत होतं. शेवटी मात्र आलं नाही.

रुपरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "त्याईले नाही समजलं?"

"कसं समजीन? ते गाणं म्हणजे माया. माहं तर मागचं."

"मले तं तुहंच ऐकू येते."

"म्हणजे?"

"अवं, हे बारीक बारीक आवाज मले कुठं ऐकू येतात आता? पाखराचा नाही येत, कुकरच्या शिट्टीचा नाही येत. आपल्या दुर्गेशनं मागं मोबाइलवर ते गाणं लावलं होतं, तं मले वरचं काहीच आलं नाही. नुसतं खालतंच आलं." त्यांनी हातानं छातीजवळ दाखवलं. "तू एकटीच म्हणून राहिली असं वाटलं मले. मी दुर्गेशले म्हटलं, तुह्या मायनं हे एकटीनं कधी म्हटलं?"

पुष्पलता त्यांच्याकडे पाहत राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं तिची कधी तोंडावर तारीफ केली नव्हती, आणि आत्ताही आपण केली हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते पुन्हा टीव्हीकडे वळले होते. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली. बरं वाटलं तिला. आणि त्याच बऱ्या वाटण्याच्या खालून माया वर आली. इतकी वर्षं दाबून ठेवलेली, खिडकीच्या गजावर हात ठेवलेली माया.

*

जून उजाडला. नोकरी नसलेले दिवस तिला लांबच लांब वाटायला लागले. भाजी निवडताना ती आपला भाग गुणगुणायची आणि मध्येच थांबून कान द्यायची, जणू वरून कुणी येणार आहे. सून रितिका एकदा म्हणाली, "आई, तुम्ही गाता तेव्हा असं वाटतं की कुणाशी फोनवर बोलताय आणि समोरच्याचं आम्हाला ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी पुष्पलतानं पिशवी भरली आणि नरखेडची एसटी पकडली. सुहासिनीच्या मुलाच्या लग्नाला ती गेली होती, त्याला नऊ वर्षं झाली होती. मधे भेट नाही. बस काटोलच्या पुढे गेली तशी दोन्हीकडे संत्र्याच्या बागा लागल्या.

सुहासिनी आता चांगली जाडजूड झाली होती. नवरा गेल्यावर बाग तीच पाहत होती. गळ्याशी थायरॉइडच्या ऑपरेशनची आडवी रेघ. पुष्पलताला पाहून ती अंगणातूनच ओरडली, म्हणजे ओरडायला गेली. आवाज घोगरा, फुटका निघाला.

"पुष्पाताई वं! इतक्या वर्षानं रस्ता सापडला?"

"तुहा आवाज कुठं गेला?"

"कापून नेला डॉक्टरनं," ती हसली. "राह्यला तेवढा मजुराले शिव्या द्याले पुरते."

जेवणं झाली. दुपारी विहिरीजवळच्या आंब्याखाली दोघी बसल्या. पुष्पलतानं आडवळणानं विषय काढला, आधी मास्तरांचा, मग पार्टीचा. मायाचं नाव घ्यायला तिला बराच वेळ लागला. सुहासिनीनं तिला पूर्ण बोलू दिलं नाही.

"ती नाशिकले असते. मले दर दिवाळीले फोन करते."

"तुले?"

"हाव. आणि दर वेळी तुहं विचारते. पुष्पी कशी आहे, तिचा पोरगा काय करते, तिचे गुडघे दुखतात का. मी म्हणते, अवं तूच लाव ना तिले फोन. तं म्हणते, नाही, ती रागावून आहे माह्यावर. तिनं बोलू दे पयले."

सुहासिनी पुढं सांगत राहिली. मायाचं मुंबईत काही झालं नाही. एक कॅसेट निघाली, पडली. मग दहा-बारा वर्षं कोरसमध्ये उभी राहिली. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्याशी लग्न केलं, दोघं नाशिकला गेले. आता त्याच्या किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मूलबाळ नाही.

"लावू का?" सुहासिनीनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता नंबर दाबला. तिकडून आवाज येताच फोन पुष्पलताच्या हातात दिला.

"बोल सुहास."

आवाज मायाचा होता आणि नव्हता. धार गेली होती. पण 'बोल' म्हणताना शेवटी जो हलका झोका द्यायची, तो तसाच होता.

"सुहास नोय. मी आहे."

पुष्पलतानं फोन कानापासून दूर करून पाहिला, लागलेला आहे की नाही. मग माया म्हणाली, "जेवली का?"

"जेवली. भरीत होतं."

"मले बोलवाचं नाही?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता पुष्पलताला रडू फुटलं. सुहासिनी उठून मोटर पाहायच्या निमित्तानं विहिरीकडे गेली.

"माया, मी स्टेशनवर तुले जे बोलली ना…"

"काय बोलली?"

"खांद्याचं."

"मले नाही आठवत बाप्पा. लय गर्दी होती. माही आई रडत होती." मग ती म्हणाली, "तू काहून पत्राचं उत्तर नाही दिलं पुष्पी? मले वाटलं, तुह्या घरचे देत नसतीन लिहू."

मायाला खरंच आठवत नव्हतं की ती आठवत नसल्याचं सांगत होती, हे पुष्पलताला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढंही नाही. पस्तीस वर्षं जे वाक्य उशाशी घेऊन ती झोपली-उठली, ते पलीकडच्या बाईनं हातानं झाडून टाकल्यासारखं बाजूला केलं.

ती म्हणाली, "मी येते नाशिकले. पुढच्या आठवड्यात येते."

"नको येऊ."

"काहून?"

"आत्ता नको. घर पाहण्यासारखं नाही राह्यलं. हे पाहण्यासारखे नाही राह्यले. मीही नाही. तू मले स्टेजवरची पाहिली आहे ना, थोडे दिवस तशीच राहू दे. मी बोलावते तुले. नक्की बोलावते."

पुष्पलतानं नर्सबाई म्हणून असली घरं शेकड्यांनी पाहिली होती. दार अर्धंच उघडणाऱ्या बाया तिला ओळखता येत. अशा वेळी दार ढकलायचं नसतं, हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं हट्ट केला नाही. पण बसमध्ये बसल्यावर काटोल येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली आणि शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं तरी तिला ऐकू गेलं नाही.

*

त्यानंतर फोन सुरू झाले. मंगळवार आणि शुक्रवार हे मायाच्या नवऱ्याच्या डायलिसिसचे दिवस. त्याला आत घेतलं की तिला चार तास बाहेर बसावं लागे. ती दवाखान्याच्या मागच्या जिन्यात जाऊन बसायची आणि फोन करायची. बोलणं घरचंच असायचं. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन किती आलं हे माया सांगायची आणि पुष्पलता समजावून सांगायची. पाणी किती द्यायचं, मीठ किती. गाण्याचा विषय दोघीही काढत नव्हत्या.

तो विषय सुहासिनीनं काढला. एका शुक्रवारी रितिकानं तिघींचा एकत्र व्हिडिओ कॉल जुळवून दिला. एकाच पडद्यावर तीन चौकटी. एकीत जिन्याच्या पायऱ्या, एकीत संत्र्याची झाडं, एकीत सक्करदऱ्याचं स्वयंपाकघर. मायाचे केस पूर्ण पांढरे झाले होते, कापून आखूड केले होते. पहिली दोन मिनिटं तिघी नुसत्या एकमेकींकडे पाहून 'अगं बाई, अगं बाई' करत राहिल्या.

मग सुहासिनी आपल्या फुटक्या आवाजात म्हणाली, "चला वं. म्हणा."

माया नको म्हणाली. पुष्पलता नको म्हणाली. आणि मग मायानंच सुरुवात केली. *भोंगा झाला…*

पुष्पलतानं खालून सूर दिला. पण काहीतरी बिनसलं. मायाचा आवाज तिच्याकडे यायचा, ती त्यावर आपला ठेवायची, आणि माया गोंधळून थांबायची. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सुहासिनी कुठंच्या कुठं भरकटली. तीन म्हाताऱ्या एकमेकींच्या मागे धावत असल्यासारखं झालं.

"तू लेट येऊन राहिली पुष्पी," माया म्हणाली.

"मी बरोबर आहे. तूच थांबते."

रितिका दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, तुमचं कुणाचंच चुकत नाही. आवाज तिकडं पोचायला थोडा वेळ लागतो. त्यांना तुमचा अर्ध्या ठेक्यानं उशिरा ऐकू जातो. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाता येत नाही."

एकत्र गाता येत नाही. हे तिघींनी इतक्या साध्या शब्दांत ऐकलं. सुहासिनी म्हणाली, चला, मले बागेत औषध मारायचं आहे, आणि तिची चौकट गेली. माया पडद्यावर तशीच बसून होती, जिन्याच्या भिंतीला टेकून. तिच्या मागून कुणीतरी स्ट्रेचर नेत होतं.

पुष्पलता म्हणाली, "माया, तू म्हण. एकटी म्हण. मी माह्याकडून आवाज बंद करते. तुले माहं काही ऐकू नाही येणार, तं तू थांबणार नाही."

"मंग तुले काय भेटीन?"

"म्हण ना तू."

मायानं इकडेतिकडे पाहिलं, जिन्यात कुणी नाही याची खात्री केली, आणि हळू आवाजात, पूर्वीपेक्षा कितीतरी खालच्या पट्टीत, गाणं सुरू केलं. पुष्पलतानं आपला आवाज बंद केला आणि ओट्याशी उभी राहून गायला लागली. पट्टी उतरली होती म्हणून तिला आणखी खाली जावं लागलं, एका ठिकाणी तर आवाज नुसता श्वासावर आला. पण जुळलं. मायाची धार नव्हती, सुहासिनी नव्हती, मास्तरांची बोटं नव्हती. तरी जिथं माया पूर्वी दमायची तिथंच ती आजही दमली, आणि पुष्पलतानं खालून जोर लावला. मायाला तो पोचणार नाही हे ठाऊक असूनही लावला. पडद्यावरची माया क्षणभर डगमगली, मान वर केली, आणि कशी कोण जाणे, ओळ पार करून गेली.

गाणं संपलं. पुष्पलतानं पुन्हा आवाज सुरू केला.

"म्हटलं का?" मायानं विचारलं.

"म्हटलं."

"मले काही ऐकू नाही आलं."

"माहीत आहे."

माया पदरानं तोंड पुसत बसली. मग फोन जरा जवळ धरून म्हणाली, "आता तू म्हण. मी बंद करते."

"माह्या भागात काही नाही वं. लोकाईले कळतही नाही ते गाणं आहे म्हणून."

"लोकाईले नाही म्हणत मी. मले पायजे."

मायानं तिकडे काहीतरी दाबलं आणि तिची चौकट मुकी झाली. पुष्पलतानं डोळे मिटले नाहीत. समोर पाहत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, तिनं आपला भाग म्हटला. पडद्यावर मायाचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. गळ्याची शीर ताणलेली दिसत होती, वरचा सूर लावताना भुवया वर जायच्या तशा जात होत्या, आणि एका हातानं ती जिन्याच्या पायरीवर ठेका धरत होती. त्या भुवयांवरून पुष्पलताला कळत होतं, आता ती कुठं आहे.

मायानं अजून नाशिकला बोलावलेलं नाही. पुष्पलतानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा 'थोडं थांब' असं उत्तर आलं. तिनं कपाटात एक जास्तीची साडी आणि गुडघ्याची पट्टी वेगळी काढून ठेवली आहे, निरोप आला की निघता यावं म्हणून. मंगळवार-शुक्रवार दुपारी अडीचच्या सुमाराला ती स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. आधी माया म्हणते, मग ती म्हणते. रुपराव बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद करून बसतात.